फादर थॉमस स्टीफन्स

प्राचीन मराठी कवींच्या पंक्तींत शिंपी नामदेव, दासी जनाबाई व गांवकुसाबाहेरील चोखामेळा यांच्यासवें एक इंग्रज धर्मोपदेशकही शोभतो. थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांत झाला. १५७९ सालीं ते गोव्यास आले. तेथील भाषा त्यांस परकी होती. साष्टी प्रांतांतील रयतेंत राहून त्यांनीं मराठीचा व्यासंग केला व सुमारें ११,००० ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें. तें १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६१९ सालीं ते गोव्यांतच निवर्तले. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सत्तेनें देशी भाषेविरुद्ध फर्मान काढलें. तथापि ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितांच्या रूपानें ग्रंथ जतन केला. भाषा जन्मानें लाभते, तशी परिश्रमानेंही आपली होते, हाच या चरित्राचा बोध होय.