विश्लेषण : दाताला ‘कीड’ लावणारा नेमका कोण? मिलर यांचा तर्क जनुकांनी कसा तपासला?

दाढेला कीड लागली, असे मराठीत सर्रास म्हणतात. रिंगणीच्या बियांची धुरी घेतली की किडा पडतो, असाही जुना समज. प्रत्यक्षात दातात किडा नसतोच. दात पोखरते ते जिवाणूंनी तयार केलेले आम्ल. हे प्रयोगाने दाखवले विलोबी डेटन मिलर यांनी. चिंचवडला लागून असलेल्या पिंपरीतील डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय असो की देशातील अन्य कोणतेही, दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला मिलर यांचा सिद्धांत शिकावाच लागतो.

मिलर कोण होते?

जन्म १८५३ चा, अमेरिकेतील ओहायो राज्यातला. शिकले गणित आणि भौतिकशास्त्र. पुढील शिक्षणासाठी युरोपात गेले, तिथे पैशांची चणचण भासली. बर्लिनमधील अमेरिकी दंतवैद्य फ्रँक अ‍ॅबट यांनी आधार दिला. त्यांच्या मुलीशीच मिलर यांचे लग्न झाले आणि आयुष्याची दिशा बदलली. अमेरिकेत दंतवैद्यकाची पदवी घेऊन ते बर्लिनला परतले. क्षयाचा जिवाणू शोधणारे रॉबर्ट कॉख तेव्हा तिथेच होते. त्यांच्या प्रयोगशाळेत मिलर जिवाणू वाढवण्याचे तंत्र शिकले.

प्रयोग काय होता?

काढलेले दात त्यांनी लाळेत बुडवून शरीराच्या तापमानाला ठेवले. सोबत पाव किंवा साखर असली की दाताचे कवच मऊ पडे. मांस असले तर काही होत नसे. लाळ उकळून घेतली, तरीही दात शाबूत. म्हणजे जिवाणू हवेत आणि त्यांना पिष्टमय किंवा गोड खाद्य हवे. प्रयोग इतका साधा की आज शाळेतही समजावून सांगता येईल. १८९० मध्ये त्यांनी हे सारे ग्रंथरूपात मांडले.

उणीव कोणती राहिली?

कॉख यांच्या काळात एक रोग, एक जंतू हा दंडक होता. मिलर मात्र एका जिवाणूचे नाव घेईनात; तोंडातील आम्ल करणारे अनेक जण मिळून हे करतात, असे त्यांचे म्हणणे. दातावरच्या चिकट थराचे महत्त्वही त्यांच्या सिद्धांतात नव्हते. १९०७ मध्ये मिशिगन विद्यापीठात अधिष्ठातापद स्वीकारण्यासाठी ते मायदेशी परतले. मात्र आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

जनुकांनी काय सांगितले?

१९२४ मध्ये लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क यांना किडलेल्या दातांत ‘स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स’ सापडला. त्याकडे कित्येक वर्षे फारसे लक्ष गेले नाही. १९६० नंतर मात्र तोच मुख्य आरोपी ठरला. साखरेपासून चिकट पदार्थ बनवणारी त्याची जनुके बंद पाडली, तेव्हा प्रयोगातील उंदरांचे दात कमी किडले. मिलर यांच्याकडून सुटलेला चिकट थर इथे उलगडला. २००२ मध्ये या जिवाणूचा सुमारे २० लाख अक्षरांचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला.

मग थेट नमुन्यातील डीएनए वाचण्याचे तंत्र आले. जे जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत, तेही त्यात दिसू लागले. तोंडात सुमारे ७०० प्रजाती आढळल्या. काही रुग्णांच्या किडलेल्या दातांत तर म्यूटन्स सापडलाच नाही. तिथे आम्ल करणारे दुसरेच जिवाणू होते. म्यूटन्सविरुद्धची लस हे एकेकाळी अनेक संशोधकांचे स्वप्न होते. पण आरोपी एकटा नसेल, तर एका जिवाणूवरची लस कितपत पुरेल, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आहे.