बॉब डग्लस

वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स या चिमुकल्या बेटावर सन १८८२ मध्ये रॉबर्ट डग्लस यांचा जन्म झाला. पुढे ते अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी आले आणि दरवानाची नोकरी करून पोट भरू लागले. लोक त्यांना बॉब डग्लस म्हणत.

न्यूयॉर्कमध्येच त्यांनी बास्केटबॉलचा सामना प्रथम पाहिला. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने सन १८९१ मध्ये शोधून काढलेला हा खेळ तेव्हा नवाच होता. त्यातील चपळाई पाहून डग्लस यांना त्याची गोडी लागली, ती जन्मभर सुटली नाही.

त्या काळी अमेरिकेत गोरे आणि काळे असा मोठा भेदभाव पाळला जाई. गोऱ्यांच्या क्रीडामंडळांत कृष्णवर्णीय मुलांना सहसा प्रवेश मिळत नसे. डग्लस स्वतः कृष्णवर्णीय होते. कुरकुरत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी मित्रांच्या साहाय्याने या मुलांसाठी एक क्रीडामंडळ काढले.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. तेथे ‘रेनेसाँस’ नावाचे एक नृत्यगृह होते. डग्लस यांनी त्याच्या मालकाशी एक करार केला. मालकाने सभागृह खेळासाठी द्यावे आणि त्याच्या बदल्यात संघाने नृत्यगृहाचे नाव धारण करावे, असे ठरले. अशा रीतीने सन १९२३ मध्ये ‘न्यूयॉर्क रेनेसाँस’ हा संघ जन्मास आला. मालक कृष्णवर्णीय, सर्व खेळाडू कृष्णवर्णीय आणि खेळ हाच त्यांचा व्यवसाय, असा हा पहिलाच बास्केटबॉल संघ होय. लोक त्याला लाडाने ‘रेन्स’ म्हणत. सामना संपला, की त्याच जमिनीवर वाद्ये वाजू लागत आणि नृत्याला आरंभ होई.

घरच्या मैदानावरील उत्पन्न पुरेसे नसल्यामुळे संघाला गावोगाव फिरावे लागे. हा प्रवास अत्यंत खडतर होता. ज्या गावचे लोक पैसे मोजून त्यांचा खेळ पाहत, त्याच गावच्या उपाहारगृहांची आणि विश्रामगृहांची दारे त्यांना बंद असत. मग खेळाडू बसमध्येच थंड अन्न खात आणि झोपण्यासाठी रातोरात दूरच्या गावी जात. तरीही दुसऱ्या दिवशी ते ताज्या दमाने मैदानात उतरत. सन १९३२-३३ च्या हंगामात त्यांनी ओळीने ८८ सामने जिंकले! ही विजयमालिका अखेर ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ या गोऱ्या खेळाडूंच्या नामांकित संघाने खंडित केली.

सन १९३९ मध्ये शिकागो येथे व्यावसायिक संघांची जागतिक स्पर्धा प्रथमच भरली. तीत गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे संघ एकमेकांशी खेळणार होते. रेन्सने अंतिम सामन्यात ऑशकॉश संघाला ३४ विरुद्ध २५ गुणांनी हरवून अजिंक्यपद मिळविले. डग्लस यांनी हर्षभराने खेळाडूंना नवी जाकिटे दिली. त्यांवर ‘कृष्णवर्णीयांचे जगज्जेते’ अशा अर्थाची अक्षरे होती. जॉन आयझॅक्स या तरुण खेळाडूने वस्तऱ्याच्या पात्याने त्यांतील वर्णवाचक शब्द तेवढा कापून काढला. जाकीट खराब होते आहे, म्हणून डग्लस हळहळले. पण आयझॅक्सला जाकिटापेक्षा सत्याची चाड अधिक होती. त्यांनी सर्वांना जिंकले होते. मग ते केवळ जगज्जेतेच नव्हते काय?

सन १९४९ मध्ये हा संघ बंद पडला. परंतु त्याचे कार्य वाया गेले नाही. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश मिळाला. त्या पहिल्या खेळाडूंपैकी नॅट क्लिफ्टन हे पूर्वी रेन्सकडून खेळलेले होते.

सन १९७२ मध्ये बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात डग्लस यांना मानाचे स्थान देण्यात आले. सन १९७९ मध्ये ते निवर्तले. एके काळी दुसऱ्यांच्या दारावर उभ्या राहणाऱ्या या दरवानाने आपल्या बांधवांसाठी एक मोठे दार उघडून दिले.