हिशेबाचे चित्र काढणारा बेहिशेबी

केंद्राचा अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक गोल हमखास असतो. रुपया कुठून आला आणि कुठे गेला हे सांगणारा, भाकरीचे तुकडे करावेत तसा कापलेला. अर्थमंत्र्यांचे भाषण घरात कोणी वाचत नाही. पण त्या गोलावरून सगळ्यांची नजर फिरते, आणि नुसते व्याज फेडण्यात रुपयाचा केवढा तुकडा जातो हे पाहून आजोबांपासून नातवापर्यंत सगळे हळहळतात. शेअर बाजाराची वरखाली होणारी रेघ आणि कंपन्यांच्या अहवालात विक्री दाखवणाऱ्या पट्ट्या ही त्या गोलाचीच भावंडे. व्यापार आणि राज्यकारभाराचे आकडे मांडायला या तिन्ही चित्रांचा वापर एकाच माणसाने सुरू केला. त्याचे नाव विल्यम प्लेफेअर. संख्याशास्त्राच्या जगात हे नाव आज आदराने घेतात. त्याच्या हयातीत ज्यांचे पैसे त्याच्याकडे अडकले होते, ते मात्र वेगळ्या सुरात घेत असणार.

त्याचा जन्म २२ सप्टेंबर १७५९ चा, स्कॉटलंडमधल्या डंडी शहराजवळच्या लिफ गावचा. वडील तिथल्या चर्चचे धर्मोपदेशक. ते १७७२ साली वारले तेव्हा विल्यम जेमतेम बारा वर्षांचा होता. घराचा भार अकरा वर्षांनी मोठ्या असलेल्या जॉनवर आला. हा जॉन पुढे एडिंबरो विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला. भूमितीत समांतर रेषांविषयी प्लेफेअरचे म्हणून जे गृहीतक भेटते ते या थोरल्याचे. जॉनने धाकट्याला रोजचे तापमान नोंदवायला लावले, पण आकड्यांच्या यादीने नव्हे, रेघांनी. जे आकड्यात सांगता येते ते रेघेतही दाखवता येते हा धडा आपल्याला भावाने दिला, असे विल्यमने पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे. आपल्याकडेही अशा थोरल्या भावांनी घडवलेली घरे कमी नाहीत.

मळणीयंत्र बनवणाऱ्या अँड्र्यू मीकलच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली. मग १७७७ मध्ये तो बर्मिंगहॅमला जेम्स वॅटकडे नकाशे काढणारा मदतनीस म्हणून लागला. वाफेच्या इंजिनाचा तो वॅट. त्याला या पोराच्या कामातल्या चुका खटकत, पण त्याने त्याला ठेवून घेतले. चार वर्षांनी प्लेफेअर बाहेर पडला, लंडनला चांदीच्या वस्तूंचा धंदा काढला, आणि तो बसला. मग त्याने लेखणी हाती घेतली.

१७८६ साली त्याचा व्यापारी आणि राजकीय ‘ॲटलास’ निघाला. नाव ॲटलास, पण आत नकाशा एकही नाही. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले आणि हाताने रंगवलेले ४४ आलेख. काळाची रेघ ओढून थोरामोठ्यांची आयुष्ये दाखवण्याची युक्ती जोसेफ प्रिस्टलीने आधीच केली होती. शास्त्रज्ञही क्वचित वक्ररेषा काढत. पण आयात, निर्यात, कर्ज, महसूल असले रुक्ष सरकारी आकडे कोणी असे मांडले नव्हते. ही रीत समजावताना प्लेफेअरने दुकानदाराचा दाखला दिला. समजा, एखाद्याची सगळी विक्री सोन्याच्या नाण्यांत होते आणि रोज संध्याकाळी तो दिवसाच्या नाण्यांची एकावर एक चळत रचतो. महिन्याभराच्या चळती ओळीने मांडल्या की कोणता दिवस तेजीचा आणि कोणता मंदीचा हे वही न उघडता कळते. आलेख म्हणजे एवढेच.

डेन्मार्क आणि नॉर्वेशी इंग्लंडच्या व्यापाराचा त्याचा आलेख प्रसिद्ध आहे. १७०० ते १७८० अशी ८० वर्षे, आयातीची एक रेघ आणि निर्यातीची एक. सुरुवातीला आयात वर, म्हणजे व्यापार तोट्याचा. शतकाच्या मध्याला दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात आणि निर्यात वर चढते. हेच आकडे कोष्टकात दिले तर दोन रकान्यांत दीडशेवर आकडे होतील, आणि तोट्याचे नफ्यात कधी रूपांतर झाले हे शोधता शोधता डोळे दुखतील. स्कॉटलंडचे मात्र त्याला एकाच वर्षाचे आकडे मिळाले, १७८१ च्या नाताळपर्यंतचे. एका वर्षाची रेघ कशी काढणार? म्हणून त्याने १७ ठिकाणांसाठी आयात-निर्यातीच्या आडव्या पट्ट्या काढल्या. आज शाळकरी मुले जो स्तंभालेख काढतात त्याचा हा पूर्वज निव्वळ नाइलाजाने जन्मला. प्लेफेअरला स्वतःला तो विशेष आवडला नव्हता, कारण त्यात काळ दिसत नाही.

या पुस्तकाच्या तयारीत वॅटने त्याला एक सल्ला दिला होता. चित्रांबरोबर मूळ आकड्यांची कोष्टकेही छापावीत, नाहीतर लोक विश्वास कशावर ठेवणार? प्लेफेअरने ते ऐकले, पण १८०१ च्या तिसऱ्या आवृत्तीत कोष्टके गाळली. बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला वॅटचे म्हणणे लगेच पटते. माझ्या नोकरीच्या काळात एका शाखेत मॅनेजरच्या केबिनमध्ये ठेवींचा आलेख टांगलेला असे. दर वर्षाचा एकच बिंदू, ३१ मार्चचा. रेघ कशी जिना चढावा तशी! त्या दिवसापुरत्या ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून आणलेल्या ठेवी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत जात. पण एप्रिलचा बिंदू आलेखावर नव्हताच. रोजच्या शिलकीची वर्षभराची सरासरी काढली असती तर ती रेघ बरीच आडवी झाली असती. खोटा आकडा त्यात एकही नव्हता.

ॲटलासमधला आपल्या जिव्हाळ्याचा आलेख म्हणजे ईस्ट इंडिजशी झालेल्या व्यापाराचा. इथेही १७०० ते १७८०. इंग्लंडची आयात वर, निर्यात खूप खाली, आणि मधली जागा इंग्लंडच्या तोट्याची म्हणून दाखवलेली. इंग्रज वाचकाला वाटावे, हिंदुस्थान आपल्याला लुटतो आहे. शतकाच्या पूर्वार्धात त्यात तथ्य होते. इथल्या कापडासाठी कंपनीला जहाजे भरून चांदी आणावी लागे. पण १७५७ ला प्लासी झाली, १७६५ ला बंगालची दिवाणी मिळाली, आणि कंपनी बंगालच्याच महसुलातून बंगालचा माल विकत घेऊ लागली. आलेखातली फट तीच राहिली, तिचा अर्थ उलटा झाला. पैसे कोण भरते आहे हे रेघ सांगत नाही. पुढे दादाभाई नौरोजींनी आयुष्य वेचले ते याच फटीचा खरा अर्थ सांगण्यात.

१७८७ मध्ये प्लेफेअर पॅरिसला गेला. ॲटलास सोळाव्या लुईपर्यंत पोचला होता आणि राजाला तो आवडला होता. १७८९ मध्ये फ्रेंच भाषांतरही निघाले. त्याच वर्षी तो एका अमेरिकन कंपनीचा एजंट होऊन ओहायोतली जमीन फ्रेंच कुटुंबांना विकू लागला. जमिनीचे चित्र त्याने झकास रंगवले असणार, त्यात त्याचा हातखंडा. १७९० मध्ये लोक समुद्र ओलांडून पोचले तेव्हा त्यांच्या हातातले कागद कवडीमोल निघाले, कारण जमीन कंपनीच्या मालकीचीच नव्हती. घरदार विकून आलेल्या त्या माणसांनी नदीकाठी वसवलेले गॅलीपोलिस आजही ओहायोच्या नकाशावर आहे. पैसा कुठे मुरला यावर इतिहासकारांचे एकमत नाही. तो ब्रिटिशांचा हेर होता आणि फ्रान्सचे चलन बुडवण्यासाठी खोट्या नोटांच्या उद्योगात होता, असे २०१८ मध्ये निघालेल्या एका चरित्राचे म्हणणे आहे.

लंडनला परतून १७९७ मध्ये त्याने बँक काढली. मोठ्या तारणांचे लहान भाग पाडून किरकोळ कर्जे सोपी करावीत, ही कल्पना. कल्पना वाईट नव्हती. पण तारण तपासून घ्यायचा जो कंटाळवाणा भाग असतो, तिथेच ढिलाई झाली आणि बँक बुडाली. नाव होते सिक्युरिटी बँक!

१८०१ मध्ये दिवाळखोर प्लेफेअरने युरोपातल्या देशांचे संख्याशास्त्रीय सार छापले. प्रत्येक देशाचे वर्तुळ त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात. तुर्की साम्राज्य तीन खंडांत पसरलेले, म्हणून त्याचे वर्तुळ त्याने कापले: आशियाचा तुकडा हिरवा, युरोपचा लाल, आफ्रिकेचा पिवळा. अर्थसंकल्पाच्या गोलाचा उगम इथे आहे. वर्तुळाच्या डाव्या बाजूला लोकसंख्येची उभी रेघ, उजवीकडे महसुलाची, आणि दोन्ही टोके जोडणारी तिरपी रेघ. तिच्या उतारावरून करांचा बोजा ओळखावा, अशी योजना. ही त्याची चलाखी मला मान्य नाही. वर्तुळ मोठे असले की टोके दूर जातात आणि उतार आपोआप सौम्य होतो. देश मोठा म्हणून बोजा हलका दिसणार! पुस्तकाला हिंदुस्थानातल्या सत्तांची तशीच पुरवणी जोडलेली होती. टिपू पडून दोन वर्षे झाली होती आणि पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. आपली मोजदाद लंडनमध्ये चालली आहे हे शनिवारवाड्यात कोणाच्या गावीही नसेल.

नंतरची वर्षे ओढगस्तीची. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ची एक आवृत्ती त्याने १८०५ मध्ये संपादित केली, आणि १८१६ च्या सुमारास जुन्या कागदपत्रांचा धाक घालून एका उमरावाकडून पैसे काढण्याचाही प्रयत्न केला. तरी त्याचा हात शेवटपर्यंत थकला नव्हता. १८२१ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, त्याने गव्हाचा भाव आणि कारागिराची आठवड्याची मजुरी यांचा १५६५ पासूनचा आलेख काढला. भावाच्या पट्ट्या, मजुरीची रेघ, वर राजेराण्यांच्या कारकिर्दी. मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधी इतका स्वस्त नव्हता, हे त्याला दाखवायचे होते. ते नीट दिसायला एका मापाच्या गव्हासाठी किती दिवस राबावे लागे हे काढायला हवे होते. तो भागाकार त्याने केलाच नाही, वाचकाच्या डोळ्यांवर सोडला. तरीही अडीचशे वर्षांची महागाई एका पानावर मावली.

११ फेब्रुवारी १८२३ ला लंडनमध्ये तो निष्कांचन मेला. थोरल्या जॉनचे स्मारक एडिंबरोच्या काल्टन टेकडीवर उभे राहिले. विल्यमच्या आलेखांकडे इंग्लंडने बरीच वर्षे पाहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने त्याची आठवण काढली. ॲटलास आणि ते सार या दोन्ही पुस्तकांचे पुनर्मुद्रण केंब्रिजने २००५ मध्ये एकत्र काढले. तिसऱ्या आवृत्तीवरून काढले, म्हणजे कोष्टके नसलेल्या.