पूर्वजांचा दाखला : पॉली मरे यांचे जीवन

माणसाला त्याची ओळख विचारली जाते, तेव्हा तो प्रश्न नेहमीच साधा नसतो. आडनाव कोणते, गाव कोणते, गावात घर कोणत्या बाजूला, या चौकशीमागे दुसरीच चौकशी दडलेली असते, हे आमच्या वसतिगृहातील मुलामुलींना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विदुषी पॉली मरे यांच्यापुढे १९५२ साली असाच एक प्रश्न उभा राहिला. त्यांनी त्याला उत्तर म्हणून एक ग्रंथच लिहिला. तो ग्रंथ आम्ही वाचला, आणि या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे जीवन विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

मरे तेव्हा वकील झाल्या होत्या. लायबेरिया या आफ्रिकी देशाचे कायदे संकलित करण्याचा एक प्रकल्प कॉर्नेल विद्यापीठात चालू होता. तेथील पदासाठी त्यांनी अर्ज केला. त्यांची शिफारस करणाऱ्यांत एलिनॉर रूझवेल्ट, थरगुड मार्शल आणि कामगार नेते फिलिप रँडॉल्फ होते. तरीही त्यांना नकार मिळाला. साम्यवादाच्या संशयाने तो देश त्या काळी पछाडलेला होता, आणि अर्जदाराचे पूर्वसंबंध विद्यापीठाला अडचणीचे वाटले. हा शब्द मरे यांच्या जिव्हारी लागला. आपले खरे पूर्वसंबंध कोणाशी आहेत, हे आता आपणच सांगावे, असे त्यांनी ठरविले. आपल्या आजी-आजोबांच्या जीवनाचा त्यांनी जुन्या कागदपत्रांतून शोध घेतला आणि १९५६ साली ‘प्राउड शूज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. कुटुंबाचा इतिहास आणि लेखिकेचे बालपण त्यात एकत्र गुंफलेले आहे.

पॉली मरे यांचा जन्म २० नोव्हेंबर १९१० रोजी बाल्टिमोर येथे झाला. त्या तीन वर्षांच्या असताना आई वारली. पुढे वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले आणि तेथेच १९२३ साली एका गोऱ्या रखवालदाराने त्यांचा जीव घेतला. आईच्या मृत्यूनंतर पॉली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम या गावी आजोळी आल्या. त्यांच्या मावशी पॉलीन शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनीच या भाचीला दत्तक घेऊन वाढविले.

त्या राज्यात तेव्हा वर्णभेद हाच कायदा होता. शाळा वेगळ्या, रुग्णालये वेगळी, पाणी पिण्याची जागा वेगळी. ट्राममध्ये कृष्णवर्णीयांनी मागे बसायचे. गोऱ्या मुलांची शाळा विटांची, भोवती हिरवळ असलेली; पॉलींच्या वाट्याला आलेली शाळा लाकडी आणि मोडकळीस आलेली. अपमानाची गाडी चढण्यापेक्षा ही मुलगी शक्य तेथे पायी चालत असे. वेगळ्या बाकांवर बसविणाऱ्या नाट्यगृहात जाण्याचे तिने टाळले.

परंतु घरात वेगळेच शिक्षण चालले होते. आजोबा रॉबर्ट फिट्झजेराल्ड यादवी युद्धात गुलामगिरीविरुद्ध उत्तरेच्या बाजूने लढले होते. युद्ध संपल्यावर ते दक्षिणेत आले ते शिक्षक होऊन. कालपर्यंत ज्यांना अक्षर शिकविणे हा गुन्हा होता, त्या मुक्त गुलामांना त्यांनी लिहावयास-वाचावयास शिकविले. युद्धातील जखमेचा परिणाम म्हणून त्यांची दृष्टी हळूहळू गेली. लहानगी पॉली या अंध आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. ताठ बसणे, स्पष्ट उच्चारणे आणि चुकल्यास पुन्हा वाचणे, ही सैनिकाच्या घरातील शिस्त तिने तेथे आत्मसात केली.

आजी कॉर्नेलिया यांची कथा अधिक दुखरी आहे. त्यांची आई हॅरिएट ही स्मिथ नावाच्या श्रीमंत जमीनदार घराण्याची गुलाम होती. त्या घरातील सिडनी स्मिथ या मुलाने तिच्यावर बलात्कार केला आणि कॉर्नेलिया जन्मल्या. स्वतःच्या आत्याच्या घरात त्या अर्ध्या भाची आणि अर्ध्या गुलाम म्हणून वाढल्या. पुढे आयुष्यभर त्यांनी आपल्या गोऱ्या पित्याच्या घराण्याचा अभिमान मिरविला. हे सारे नातीने लपविले नाही. अत्याचाराला तिने अत्याचारच म्हटले, आणि आजीच्या त्या अभिमानातील विसंगतीही मायेने, पण स्पष्टपणे मांडली. आमच्या मते या ग्रंथाचे खरे बळ येथे आहे. पूर्वजांना देव्हाऱ्यात बसविण्यापेक्षा त्यांना माणूस म्हणून समजून घेणे अवघड असते. मरे यांनी ते अवघड काम केले.

पदवीसाठी वर्णभेदी महाविद्यालयात जायचे नाही, असा निश्चय करून त्या न्यूयॉर्कला गेल्या. पडेल ती कामे करीत १९३३ साली त्या हंटर महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. १९३८ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने केवळ वर्णामुळे त्यांना प्रवेश नाकारला. ज्या विद्यापीठाला स्मिथ घराण्याने आपली जमीन मृत्युपत्राने दिली होती, त्याच विद्यापीठाचे दार त्या घराण्याच्या गुलाम नातीच्या नातीला बंद होते.

१९४० साली व्हर्जिनियात बसमधील मोडक्या मागील आसनावर बसण्यास नकार दिल्याबद्दल त्यांना मैत्रिणीसह अटक झाली. त्यानंतर ओडेल वॉलर या कृष्णवर्णीय कुळाला फाशीतून वाचविण्यासाठी त्यांनी देशभर फिरून निधी जमविला. पण १९४२ साली त्याला मृत्युदंड दिला गेला. या लढ्यातूनच त्या कायद्याकडे वळल्या.

वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्या वर्गात एकट्याच स्त्री होत्या. तेथे वर्णाचा अडसर नव्हता. मात्र स्त्री म्हणून होणारी हेटाळणी होती. वर्णभेदाच्या कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत. मरे यांनी स्त्रियांवरील अन्यायाला ‘जेन क्रो’ हे नाव दिले. १९४४ साली त्या वर्गात पहिल्या आल्या. अशा विद्यार्थ्यास हार्वर्डमध्ये पुढील शिक्षणाची वाट मोकळी असे. परंतु हार्वर्डने स्त्री म्हणून त्यांना नाकारले.

हॉवर्डमधील एक प्रसंग विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा. वेगळे पण समान या तत्त्वाला सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली मान्यता दिली होती. सुविधा समान नाहीत एवढेच सिद्ध करीत बसण्यापेक्षा वेगळे ठेवणे हेच मुळात संविधानविरोधी आहे, असे थेट म्हणावे, ही मरे यांची भूमिका होती. सहाध्यायी हसले. पंचवीस वर्षांच्या आत तो निकाल रद्द होईल, अशी दहा डॉलरची पैज त्यांनी प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी लावली आणि त्याच विषयावर आपला निबंध लिहिला. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्या खटल्याच्या वकिलांत रॉबिन्सन होते, आणि तयारी करताना त्यांनी आपल्या विद्यार्थिनीचा तो जुना निबंध बाहेर काढून उपयोगात आणला होता. मरे यांना हे पुढे कित्येक वर्षांनी कळले. विविध राज्यांतील वर्णविषयक कायद्यांचा त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेला जाडजूड संग्रहही या लढ्यातील वकिलांच्या नित्य हाताशी असे.

१९६५ साली त्यांनी येल विद्यापीठाची कायद्यातील सर्वोच्च पदवी मिळविली. स्त्रियांच्या समानतेसाठी त्यांनी मांडलेला युक्तिवाद १९७१ साली रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी सर्वोच्च न्यायालयात वापरला आणि लेखी निवेदनावर मरे यांचे नाव आदराने घातले. १९७७ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्या एपिस्कोपल चर्चच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री धर्मगुरू झाल्या. त्यांनी पहिली उपासना चालविली ती चॅपेल हिल येथील त्या लहानशा प्रार्थनामंदिरात, जेथे १८५४ साली आजी कॉर्नेलिया यांचा बाप्तिस्मा मालकिणीची गुलाम म्हणून नोंदविला गेला होता. १ जुलै १९८५ रोजी पिट्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले. ज्या येलमध्ये त्या शिकल्या, तेथील एका निवासी महाविद्यालयाला २०१७ पासून त्यांचे नाव आहे.

डरहॅमच्या घरामागे गोऱ्यांची दफनभूमी होती. तेथील दक्षिणेच्या सैनिकांच्या थडग्यांवर दरवर्षी बंडखोरांचे झेंडे लागत. आजोबांचे थडगे कुंपणाच्या अलीकडे होते. नात त्यावर एकटीच आपल्या देशाचा ध्वज लावी. तिचा पूर्वजांचा दाखला तोच होता.

आमच्या मुलामुलींना आमचे सांगणे एवढेच आहे. या सुट्टीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांजवळ बसा. त्यांनी कोणाच्या शेतात काम केले, कोणत्या पाणवठ्यावरून त्यांना परत पाठविले गेले, अक्षर प्रथम कोणी व केव्हा गिरविले, ते विचारा. जे दुःखाचे असेल तेही विचारा. आणि ते एका वहीत त्यांच्या नावासह लिहून ठेवा. उद्या कोणी तुमचे पूर्वसंबंध विचारील, तेव्हा मान खाली घालण्याचे कारण उरणार नाही.