सारनाथच्या मूर्ती पुलाखाली गेल्या, तेव्हा

२८ नोव्हेंबर हा अलेक्झांडर कनिंगहॅम यांचा स्मृतिदिन. १८९३ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले. विस्मृतीत गेलेल्या बुद्धभूमी पुन्हा जगापुढे आणणारा माणूस म्हणून चळवळीत आम्ही हे नाव आदराने घेतो. परंतु त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग आपल्या सभांतून सहसा सांगितला जात नाही. आज त्याचीच आठवण करून देण्याची गरज आहे.

१८१४ साली जन्मलेले कनिंगहॅम १९ व्या वर्षी कंपनी सरकारच्या फौजेत अभियंता म्हणून भारतात आले. काशीजवळच्या सारनाथला त्यांनी १८३५ च्या सुमारास उत्खनन केले. तेथील एक मोठा स्तूप त्याआधीच, १७९४ साली, काशीच्या दिवाण जगतसिंगाने बाजारपेठ बांधण्यासाठी विटा हव्यात म्हणून पाडला होता. आत सापडलेल्या अस्थी गंगेत सोडून देण्यात आल्या. ज्या भूमीवर तथागतांनी धम्मचक्र फिरविले, तिची किंमत विटांच्या भावाने झाली!

कनिंगहॅम यांना तेथे अनेक मूर्ती मिळाल्या. निवडक मूर्ती त्यांनी कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीकडे पाठविल्या आणि उरलेल्या जागेवरच राहिल्या. पुढे एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतील ४० हून अधिक मूर्ती व कोरीव दगड गाड्यांत भरून नेले आणि वरुणा नदीच्या पुलाखाली टाकले. कशासाठी? तर पाण्याच्या धारेने नदीचा तळ खचू नये म्हणून! पूल लोकांच्या सोयीचा होता, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या दगडांचे मोल विचारणारे तेथे कोणीच नव्हते.

१८६१ साली पुरातत्त्व सर्वेक्षणाचे काम कनिंगहॅम यांच्याकडे आले. ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनाचा माग काढीत त्यांनी श्रावस्ती, कौशांबी, कुशीनगर ही स्थळे निश्चित केली. १८६६ साली सरकारने हे काम बंद पाडले, १८७१ साली ते पुन्हा सुरू केले. त्यानंतर ते हडप्पाला गेले, तेव्हा लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली भर घालण्यासाठी तेथील विटा वाहून नेल्या गेल्या होत्या. ते नगर किती प्राचीन आहे, हे जगाला १९२४ साली कळले. तोवर विटा गेल्या त्या गेल्याच.

कनिंगहॅम यांना आम्ही देव करीत नाही. ते साम्राज्याचे नोकर होते. धामेक स्तूपात त्यांनी वरून खाली विवर खणले, भारहुतचे कठडे कलकत्त्याला हलविले. त्यांच्या चुकाही आपण शिकल्या पाहिजेत. पण आधी पाहणी, आधी नोंद, मग कुदळ, हा धडा त्यांच्या आयुष्यातूनच मिळतो.

आज कायदा आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. परंतु हे कवच यादीतल्या स्मारकालाच. ज्या टेकाडाची, ज्या लेण्याची कोठेच नोंद नाही, त्याचे काय? तेथे बिनशेती परवाना मिळतो, जेसीबी येतो, आणि आपण मोर्चा काढतो तोवर जमीन सपाट झालेली असते.

महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यात पुरातत्त्वीय स्थळांच्या जतनाची तरतूद करता येते. म्हणून प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की मुदतीत लेखी हरकत घ्यावी. गट नंबर, सातबारा, छायाचित्रे जोडावीत, पुरातत्त्व खात्याला प्रत द्यावी आणि पोच घ्यावी. हरकत नोंदलेली असेल तर न्यायालयात आम्हा वकिलांना उभे राहायला पायाखाली जमीन मिळते.

वरुणेच्या पुलाखाली मूर्ती गेल्या, तेव्हा हरकत घेणारा आपला समाज तेथे नव्हता. आज आपण आहोत. आपल्या गावचे टेकाड आपण कागदावर आणणार आहोत की नाही?