गोपेश्वर पाल : माती आणि संगमरवर

उत्तर कोलकात्यातील बागबाजार आणि कुमारटुली या परस्परांना लागून असलेल्या वस्त्या. बागबाजारच्या सार्वजनिक पूजेत दुर्गा व तिची चार अपत्ये आजही एकाच प्रभावळीखाली विराजमान होतात. या रचनेस बंगालीत 'एकचाला' म्हणतात. शेजारच्या कुमारटुलीत ही प्रभावळ भंगली ती गोपेश्वर पाल यांच्या हातून.

पाल हे नदिया जिल्ह्यातील कृष्णनगरचे. तेथील घूर्णी भागातील कुंभार रंगीत मातीच्या बाहुल्यांतून शेतकरी, भिस्ती, पुरोहित हुबेहूब उभे करीत. तो वारसा घेऊन पाल १९२४ साली वेम्ब्लीच्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनात गेले आणि पुढे इटलीत पाश्चात्त्य शिल्पकलेचा अभ्यास करून परतले.

१९३०नंतरच्या दशकात कुमारटुलीची प्रतिमा ऐन पूजेच्या तोंडावर जळाली आणि पालांनी एका रात्रीत पाच सुट्या मूर्ती घडविल्या, अशी आख्यायिका आहे. तिचा तपशील कसाही असो, सुट्या झालेल्या मूर्तींना स्वतंत्र गती लाभली आणि देवी व महिषासुर यांचे द्वंद्व नाट्यमय झाले.

बेलूर मठाच्या मंदिरातील श्रीरामकृष्णांची संगमरवरी मूर्तीही पालांचीच. १९३८ साली मंदिराची प्रतिष्ठा झाली. मूर्ती आजही पूजिली जाते. मातीच्या दुर्गा मात्र गंगेत विसर्जित झाल्या. तरीही बंगालभर सुट्या मूर्तींचे मांडव उभे राहतात, त्यांत पालांचा हात दिसतो. त्यांनी केवढे अंतर कापले, याची साक्ष मात्र बागबाजारची अभंग प्रभावळच देते.