आठ वर्षं, तिसाहून जास्त खर्डे आणि एक भामटा : 'द म्युझिक मॅन' लिहिणारा विल्सन

उन्हाळा आला की अमेरिकेतल्या कितीतरी हौशी नाटक मंडळ्या 'द म्युझिक मॅन' बसवायला घेतात. पोरंटोरं, बँड, सगळं गावच लागतं त्याला.

लिहिणारा मेरेडिथ विल्सन. जन्म १९०२, आयोवातलं मेसन सिटी. आधी सूझाच्या प्रसिद्ध बँडमध्ये बासरी वाजवायचा.

गोष्ट १९१२ च्या जुलैमधली. पोरांचा बँड काढतो म्हणून गावाला गंडवणारा भामटा, ज्याला स्वतःला संगीताचं ओ की ठो कळत नाही! आधीच्या खर्ड्यांत व्हीलचेअरवरचा मुलगा होता. ते जमेना. शेवटी बोबडं बोलणारा, गप्प गप्प विंथ्रॉप आला.

१९५७ मध्ये नाटक ब्रॉडवेवर आलं. 'वेस्ट साइड स्टोरी'ला हरवून टोनी जिंकला, १३७५ प्रयोग झाले.

१९८४ मध्ये विल्सन गेला. दफन मेसन सिटीतच झालं.